बाबा गेलेत

कर्वेनगरातल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला लहानसा हॉल आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तिथे विसरणारी माणसं आणि त्यांना सांभाळणारी माणसं जमतात. आईच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली तिथला पत्ता लिहून दिला होता. तीन महिने मी ती चिठ्ठी फक्त औषधांपुरती वाचली. चौथ्या महिन्यात मी एकदा आईवर इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या टीव्हीचा आवाज कमी झाल्याचं मला ऐकू आलं. त्या शनिवारी मी आईला रिक्षात घातलं आणि गेले.

गेले तीही नाक मुरडतच. मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. लग्न केलं नाही, कुणाचं फारसं ऐकून घ्यायची वेळ आली नाही, आणि त्यामुळे जिभेला जी धार आली ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. हॉलमध्ये पाहते तर वीसेक म्हातारी माणसं गोल बसलेली, मधे एक फुगा, आणि तो एकमेकांकडे ढकलत सगळे टाळ्या वाजवतायत. तो मेळावा चालवणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. निवृत्त परिचारिका, नवऱ्याला सहा वर्षं याच आजारात सांभाळलेलं. त्यांना सगळे ताई म्हणतात. मी म्हटलं, "ही काय म्हाताऱ्यांची बालवाडी आहे का?"

"बालवाडीच आहे," ताई म्हणाल्या. "पालकांनी बाहेर बसायचं असतं."

बाहेर म्हणजे शेजारच्या खोलीत. एरवी तिथे नवरदेवाकडची मंडळी कपडे करतात. दारावर 'वरपक्ष' अशी पाटी, आत भिंतभर आरसा, कोपऱ्यात कुणीतरी विसरलेला मुंडावळ्यांचा गुंता. आत फुगा चालू असताना आम्ही सांभाळणारे तासभर या आरशासमोर बसून एकमेकांना आपापली गाऱ्हाणी सांगायचो. स्वतःचं तोंड समोर दिसत असताना रडगाणं गाणं सोपं नसतं. पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही, नुसती हाताची घडी घालून बसले.

दुसऱ्या खेपेला बोलले. सांगायची गोष्ट एकच होती. माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि मान टाकली. आईचं विसरणं तेव्हा सुरू झालेलं होतं, पण बाबा होते तोवर ते झाकलं जायचं. ते गेल्यावर तेराव्याला साताऱ्याची आत्या आईच्या मंगळसूत्राकडे बघून मला म्हणाली, "आता हे काढायला हवं गं." मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं, "हात लावून तर बघ." आत्या हात न लावता साताऱ्याला परत गेली. आईचं मंगळसूत्र राहिलं, कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या. हा किस्सा मी नंतर किती जणांना सांगितला असेल याचा हिशेब नाही. माझी त्यातली वाक्यं दर वेळी थोडी धारदार होत गेली.

त्यानंतर आईने विचारायला सुरुवात केली. "हे कुठे गेलेत?"

मी खरं सांगायचे. खरं बोलायची मला सवय आणि त्याहून जास्त घमेंड. "आई, बाबा गेले. दोन वर्षं झाली." मग आई माझ्याकडे बघायची आणि तिला ते त्या क्षणी पहिल्यांदाच कळायचं. ती रडायची, मी पाणी द्यायचे, तासाभराने ती डोळे पुसून स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि म्हणायची, "हे अजून आले नाहीत." सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवेलागणीला दोनदा. पुढे पुढे मी म्हणायला लागले, "किती वेळा सांगू तुला?" त्या वाक्यावर ती रडायची नाही, गप्प व्हायची. तेच मला सोयीचं वाटायला लागलं होतं.

वरपक्षाच्या खोलीत मी हे सांगितलं तेव्हा ताई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही त्यांना दिवसातून चार वेळा ही बातमी देता."

माझ्या शेजारी एक चाचा बसायचे. कसब्यात त्यांचं बाइंडिंगचं दुकान, तीन पिढ्यांचं. बायकोला घेऊन यायचे. ते हळूच म्हणाले, "माझी बायको तिच्या आईला शोधते. मी सांगतो, नमाज पढतेय, होईल एवढ्यात. मग ती दबक्या आवाजात बोलते, आवाज नको म्हणून. बरं असतं."

"मला खोटं बोलायला जमायचं नाही," मी म्हटलं.

"खोटं कशाला बोलताय?" ताई म्हणाल्या. "तुम्ही मराठीच्या बाई ना? 'गेले' म्हणू नका. 'गेलेत' म्हणा."

मला हसू आलं, आणि रागही आला, कारण हे मला सुचायला हवं होतं. बाबा गेले, म्हणजे संपलं. बाबा गेलेत, म्हणजे बाहेर गेलेत, येतील. एका 'त'चा फरक. शिवाय खोटं नाही. बाबा गेलेत हे तर खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारलं, "हे कुठे गेलेत?"

"गेलेत," मी म्हटलं.

"साताऱ्याला?"

"हं."

"जेवून गेले का?"

"हो. जेवून गेले."

"बरं," आई म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं होतं आणि रडली नव्हती. इतकं सोपं होतं तर आजवर मी काय केलं, या विचाराने माझे कान तापले.

दहा महिने असे गेले. बाबा रोज साताऱ्याला जायचे, रोज उद्या यायचे होते. आई आंघोळ करून आली की आरशासमोर बसून करंड्यातलं कुंकू लावायची. ब्लाउजची हुकं तिला लावता यायची नाहीत, चप्पल उलटी घालायची, पण कुंकवाचा गोल चुकायचा नाही. ते झालं की ती माझ्याकडे वळायची आणि तिचा चेहरा सांगायचा की आता दिवस सुरू करायला हरकत नाही.

आणि शनिवार. दुसरा शनिवार कधी हे तिला कसं कळायचं मला माहीत नाही, पण सकाळपासून ती ठेवणीतली साडी मागायची. हॉलमध्ये तिची आणि चाचांच्या बायकोची गट्टी जमली होती. आम्ही त्यांना चाची म्हणायचो. दोघी हात हातात धरून बसायच्या आणि बोलत राहायच्या. चाची त्यांच्या माहेरच्या कोंबड्यांबद्दल, आई तिच्या मॅट्रिकच्या परीक्षेबद्दल, आणि दोघींनाही वाटायचं की दुसरी आपल्याच विषयावर बोलतेय. फुगा त्यांच्याकडे आला की आई तो मांडीवर ठेवून घ्यायची, परत द्यायची नाही. मला आता त्या बालवाडीचं काही वाटेनासं झालं होतं. मीच शेंगदाण्याची चिक्की करून नेत होते.

पौषात लग्नं नसतात, म्हणून कार्यालयाचा मोठा हॉल आम्हाला मिळाला. ताई म्हणाल्या, संक्रांतीचं हळदीकुंकू करू या का? आपल्या बायकांना गाणी आठवत नाहीत, पण कुणी कुंकू लावायला आलं की मान पुढे होते. वरपक्षाच्या खोलीत यावर चर्चा झाली. कुणीतरी विचारलं, ज्यांचे यजमान नाहीत त्यांचं काय?

मग मी बोलले. उभी राहून बोलले, तास घेतल्यासारखी. म्हटलं, एकीलाही वगळायचं नाही, विचारायचंही नाही, हात थांबवायचाही नाही. हे जमणार नसेल तर हळदीकुंकू करूच नका. आत्याचा किस्साही परत सांगितला. चाचा मान डोलवत होते. ताई म्हणाल्या, "ठरलं. बाईंचा नियम." मला फार बरं वाटलं, हे मी आज लपवत नाही.

कामाला हात हवे होते म्हणून मी आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना बोलावलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, सोशिक, देवधर्म करणाऱ्या. बाबा गेले तेव्हा दहा दिवस रोज कुणा ना कुणाच्या घरून आमच्याकडे पिठलंभात यायचा, त्यातले निम्मे दिवस त्यांच्याच घरचा. त्यांना मी म्हटलं, साडी नेसून या, हळदीकुंकू लावायचं काम तुमचं. नियम मात्र सांगायचा राहिला. मी नियम करण्यात इतकी रमले होते की तो सांगायचाही असतो हे विसरले.

त्या दिवशी बायकांना एका रांगेत खुर्च्यांवर बसवलं. पुढे वहिनी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन, त्यांच्यामागे ताई गुलाबदाणी घेऊन, त्यांच्यामागे मी वाणाचे हातरुमाल घेऊन. सुरुवातीला वहिनींनी मलाच लावलं. मी एरवी कुंकू लावत नाही, पण हातात रुमालांचा गठ्ठा होता, मी कपाळ पुढे केलं. मग रांग सुरू झाली. ताईंचं म्हणणं खरं होतं. ज्या बाईने वर्षभर मान वर केली नव्हती तिनेही केली. एकीने तर वहिनींनाच उलट कुंकू लावलं आणि नाव घ्या म्हणून आग्रह केला.

चाचींपाशी वहिनी थांबल्या. तिळगूळ आणि फूल द्यावं, कुंकू नको, असा त्यांचा विचार असणार, आणि तो बरोबरच होता. पण चाचींनी सगळ्यांचं पाहून मान पुढे केली होती आणि डोळेही मिटले होते. वहिनींनी चाचांकडे पाहिलं. चाचा भिंतीपाशी उभे होते. म्हणाले, "लावा की. घरी गेल्यावर पुसू. आत्ता तिला हवंय ना." वहिनींनी लावलं. चाची डोळे उघडून हसल्या आणि आईचा हात दाबला.

नंतर आई. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. पाठ सरळ. कपाळावर सकाळचं कुंकू होतंच, त्यावर आणखी एक बोट लावून घ्यायला ती पुढे झुकली. वहिनींचं बोट कुंकवात होतं. ते थोडं उचललं आणि थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

एवढंच झालं, एक नजर. त्या नजरेत नको असं नव्हतं. कसं करू, एवढंच होतं. चाचांकडे पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, लावा की.

मी डावा हात आईच्या कपाळासमोर धरला आणि म्हटलं, "आईला नको. बाबा गेलेत ना."

हे मी का केलं ते मी खूप वेळा स्वतःला विचारलं आहे. मला वाटतं, वहिनींची पंचाईत होऊ नये म्हणून केलं. त्या बाबांच्या दहाव्यापर्यंत आमच्या घरात वावरलेल्या, त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. चार लोकांत बाईचं बोट अडलं तर आपणच सांगून मोकळं करावं, एवढी साधी रीतभात. लहानपणापासून शंभर हळदीकुंकवांत मी हे पाहिलं होतं. कुणीतरी बाई स्वतःच हात पुढे धरते, मला नको हो, आणि देणारी सुटते. माझ्या हाताला ते माहीत होतं. माझी भाषणं त्या हातापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

आई माझ्या हाताकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

"गेलेत?" तिने विचारलं.

"साताऱ्याला, आई," मी पटकन म्हटलं. "साताऱ्याला गेलेत."

पण शब्द रोजचा असला तरी हात रोजचा नव्हता. नवरा साताऱ्याला गेला म्हणून कुणी बाईचं कुंकू अडवत नाही, हे तिला मॅट्रिकच्या आधीपासून माहीत होतं. ते विसरण्याइतकी ती अजून विसरली नव्हती.

तिने पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं. एकदा, मग परत एकदा. ती रडली नाही. ती उठून उभी राहिली, रांगेतल्या सगळ्या बायकांकडे पाहून हात जोडले आणि म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही हो. मी तशीच लावून आले. रोज लावत होते. माफ करा मला."

आई ओशाळली होती. नवरा गेल्याचं दुःख नंतर येणार होतं. आधी लाज आली, की आपण इतकी वर्षं भरल्या कपाळाने चारचौघांत फिरलो आणि लोक मागे काय बोलले असतील. ज्या लाजेला मी तेराव्याला दारातून हाकलल्याचं सांगत फिरत होते, ती मी माझ्या हाताने आणून आईच्या पुढ्यात ठेवली. त्या हॉलमधल्या निम्म्या बायकांना ती काय म्हणाली ते कळलंही नाही. चाची तेवढ्या उठल्या आणि आईच्या भुवईपर्यंत पसरलेलं लाल आपल्या ओढणीने पुसायला लागल्या. वहिनी कोयरी धरून तशाच उभ्या होत्या. ताईंनी आईच्या पाठीवर हात ठेवला आणि मला नजरेनेच सांगितलं, घरी न्या.

इमारतीच्या लिफ्टमध्ये आरसा आहे. त्यात मला दिसलं की माझ्या कपाळावर कुंकू आहे, चांगलं ठसठशीत. आईही आरशातच बघत होती. मी ते तिच्या देखत पुसलं नाही, नंतर बाथरूममध्ये जाऊन धुतलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "आज आपण कुणाकडे गेलो होतो? काहीतरी वाईट झालं ना तिथे?"

"काही नाही झालं, आई."

"मग मला असं का वाटतंय?"

ताईंनी मागे एकदा सांगितलं होतं की प्रसंग पुसला जातो पण मनाला बसलेला चटका राहतो, माणूस मग कारण शोधत बसतो. तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर आई आरशासमोर बसली. करंडा उघडला. बोट आत गेलं, मग थांबलं. आरशातून तिने माझ्याकडे पाहिलं, लावू का असं विचारल्यासारखं. मी म्हटलं, "लाव ना, आई." तिने थोडा वेळ विचार केला आणि करंडा बंद केला. बाबा कुठे गेलेत हे तिने त्या दिवशी विचारलं नाही. त्यानंतरही कधी विचारलं नाही. जो प्रश्न ऐकून दोन वर्षं माझं डोकं उठायचं, तो यावा म्हणून मी आता कान लावून बसायचे.

पुढचं सांगायला मला जास्त जड जातं. माझा भाऊ हिंजवडीला असतो, दर रविवारी फोन करतो. आई का गप्प आहे म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, "अरे, ती तिसऱ्या मजल्यावरची. हळदीकुंकवात सगळ्यांसमोर आईपाशी येऊन थांबली." हे खरं होतं. पुढचं मी सांगितलं नाही. तो भडकला. म्हणाला, "शिकलेल्या बायका या. कधी सुधारणार?" मी म्हटलं, "हो ना."

तिसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या. आत न येता दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं हो. मी थांबायला नको होतं. मला रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर येतंय." त्यांचे डोळे भरले होते. आणि मी काय केलं? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ द्या. होतं असं कधीतरी." मी त्यांना माफ केलं. मोठ्या मनाने माफ केलं, आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरचे दोन दुसरे शनिवार आम्ही गेलो नाही. पहिल्या वेळी आईचा घसा, दुसऱ्या वेळी पाहुणे. आईने दोन्ही वेळा सकाळी साडी मागितली आणि मी तिला सांगितलं की आज शनिवार नाही. तिने विश्वास ठेवला. आता मला खोटं बोलायला अगदी सहज जमायला लागलं होतं. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी ताईंचा फोन आला. "आईंचा घसा बरा झाला का?" मी हो म्हटलं. "आणि तुमचा?"

मग मी तिसरा मजला गाठायचं ठरवलं. दोनदा जिन्यातून परत आले. तिसऱ्यांदा बेल वाजवली आणि वहिनींनी दार उघडल्यावर बसायच्या आधीच बोलून टाकलं. म्हटलं, तुम्ही नुसत्या थांबला होतात. नको मी म्हटलं. हात मी धरला. आणि भावाला मी तुमचं नाव सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "नको तुम्ही म्हणालात ते मला माहीत आहे. मी होते ना तिथे."

"मग तुम्ही माफी मागायला का आलात?"

"तुम्हाला जरा हलकं वाटेल म्हणून."

त्यांनी चहा ठेवला. मी तो घेतला. माझ्या आयुष्यात इतका कठीण चहा मी प्यायलेला नाही. भावालाही मी त्या रविवारी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू? तू असं केलंस?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

चैत्रात आम्ही परत गेलो. मोठ्या हॉलमध्ये लग्न होतं, वरपक्षाची खोली खऱ्या वरपक्षाने भरलेली. त्यामुळे सांभाळणारे आणि विसरणारे सगळे मागच्या लहान हॉलमध्येच एकत्र होते. पलीकडे सनई चालू होती. हळदीकुंकू नव्हतं, ताईंनी तो विषयच काढला नाही. कैरीची डाळ आणि पन्हं होतं. मी म्हटलं, पन्हं मी देते. हाताला काम असलं की तो नको तिथे जात नाही.

ताईंना मी कोपऱ्यात गाठून म्हटलं की नियम मीच केला आणि मीच मोडला, हे सगळ्यांना सांगायचंय. ताई म्हणाल्या, "सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांना आठवतंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांना आठवत नाही त्यांना कशाला आठवण देताय? पन्हं गरम होतंय." मला कुणीतरी रागवायला हवं होतं. तेवढीही सोय तिथे नव्हती.

आई आणि चाची शेजारी शेजारी बसल्या होत्या. आईचं कपाळ मोकळं होतं. चाचींनी तिला लगेच ओळखलं, निदान तिचा हात ओळखला. मी त्यांच्या मागच्या टेबलावर पेले मांडत होते. त्या दिवशी एक नवी बाई आली होती, सासऱ्यांना घेऊन. पहिलाच दिवस, सगळ्यांशी गोड बोलायची धडपड. ती आईच्या समोर वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "आजी, तुम्ही एकट्याच? आजोबा नाही का आले?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी पुढे व्हायला हवं होतं, काहीतरी बोलायला हवं होतं, पण माझ्या बोलण्यावरचा माझा भरवसा उडाला होता.

आईने तिला हाताने जवळ ओढलं. मान किंचित वळवून माझ्याकडे पाहिलं, मी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हळू बोला. हिच्यासमोर नको. हिला अजून आम्ही सांगितलेलं नाही. फार जीव आहे हिचा त्यांच्यावर. सोसायचं नाही तिला."

नव्या बाईने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि मला काहीच ऐकू आलेलं नाही असं तोंड करून पन्ह्याचे पेले भरत राहिले.